जुना दंड आणि परदेशचा उंबरठा

आमच्या पणजोबांच्या पिढींत समुद्र ओलांडून गेलेल्या माणसाला परत आल्यावर प्रायश्चित्त घ्यावें लागे. आतां काळ असा पालटला आहे कीं, चौकशी होते ती परत आल्यावर नव्हे, तर निघण्यापूर्वीं. आणि ती करणारे शास्त्रीमंडळी नसून परक्या देशांचे अधिकारी असतात. पुण्यांत, नाशकांत अथवा डोंबिवलींत कोणत्याही सोसायटींत पाहावें, तर उन्हाळ्यांत निदान एका घराला कुलूप असतें. आजी-आजोबा मुलाकडे अमेरिकेस किंवा कॅनडास गेलेले असतात. कोणी नातवंडांना पाहावयास जातो, कोणी मंडळींबरोबर युरोपची सहल करून येतो. ह्या प्रवासाविषयीं लिहिणारे पुष्कळ आहेत. लोकरीचे कपडे कोणते घ्यावे, मेतकूट व लोणचें सामानांत कसें बांधावें, विमा कोणता उतरावा, हें सर्व आपणांस ठाऊक असतें. परंतु एक प्रश्न असा आहे कीं, जो कोणी कोणास मोकळेपणानें विचारीत नाहीं. ज्याच्या नांवावर तरुणपणींचा एखादा किरकोळ गुन्हा नोंदला गेला आहे, त्यानें सुटीसाठीं परदेशीं जावें कसें?

‘असा मनुष्य आमच्या घरांत नाहीं’ असें म्हणण्याची घाई वाचकांनीं करूं नये. गुन्हेगार म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें दरोडेखोर उभा राहतो. कायद्याच्या वहींत मात्र पुष्कळ सभ्य नांवें असतात. विद्यार्थिदशेंत मोर्च्यांत सामील होऊन जमावबंदीचा हुकूम मोडलेले. १९७५ ते १९७७ च्या आणीबाणींत सत्याग्रह करून तुरुंगांत गेलेले. मित्र फलाटावर राहिला म्हणून आगगाडीची सांखळी ओढलेले. गणपतीच्या जागरणांत पैसे लावून पत्ते खेळतांना सांपडलेले आणि मुंबई इलाख्याच्या १८८७ च्या जुगारबंदी कायद्याखालीं दंड भरलेले. २०२० च्या टाळेबंदींत विनाकारण बाहेर पडले म्हणून भारतीय दंडविधानाच्या १८८ व्या कलमाखालीं नोंदले गेलेले. आणि नव्या पिढींतील, मद्य घेऊन गाडी चालवितांना पकडले गेलेले. ह्यांतील कोणी ना कोणी आपल्या परिचयाचा असतोच.

ह्या माणसांनीं दंड भरला आणि विषय मिटला असें मानलें. घरांत वडिलांना कळूं दिलें नाहीं. लग्न झाल्यावर बायकोस सांगितलें नाहीं. मुलांना सांगण्याचा तर प्रश्नच नव्हता. पुढें नोकरी झाली, संसार झाला, सोसायटीच्या कार्यकारिणींत मान मिळाला. मग एके दिवशीं अमेरिकेंतील चिरंजीव रात्रीं वेळ काढून वडिलांचा व्हिसाचा अर्ज संगणकावर भरावयास बसतात. ‘आपणांस कधीं अटक किंवा शिक्षा झाली आहे काय?’ हा प्रश्न येतो. आमचे बाबा आणि अटक! मुलगा हंसतो आणि न विचारतां ‘नाहीं’ ह्या खुणेवर बोट ठेवतो. ह्या एका बोटामुळें पन्नास वर्षांपूर्वींचा पन्नास रुपयांचा दंड नवा आणि खरोखरीच गंभीर अपराध होऊन बसतो. ह्या लेखांत सांगावयाचें तें एवढेंच आहे. पण तें कां, हें नीट समजून घेतलें पाहिजे.

पहिला दरवाजा आपल्याच घरचा, म्हणजे पासपोर्टचा. १९६७ सालीं सतवंतसिंग साहनी ह्यांच्या खटल्यांत आपल्या सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, परदेशीं जाण्याचा हक्क हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग असून सरकारला तो कायद्यावांचून हिरावतां येत नाहीं. त्याच वर्षीं पासपोर्टचा कायदा झाला. पुढें १९७८ मध्यें मनेका गांधी ह्यांच्या खटल्यांत न्यायालयानें तेंच तत्त्व अधिक व्यापक केलें. ह्या कायद्याच्या सहाव्या कलमांत पासपोर्ट नाकारण्याचीं कारणें सांगितलीं आहेत. अर्जापूर्वींच्या पांच वर्षांत नैतिक अधःपतनाच्या अपराधाबद्दल शिक्षा झालेली असावी, आणि तीही दोन वर्षांहून कमी कैदेची नसावी, तरच जुन्या शिक्षेमुळें पासपोर्ट अडतो. चाळीस वर्षांपूर्वीं सांखळी ओढून दंड भरलेल्या मनुष्याला हें कलम स्पर्शही करीत नाहीं.

ज्याच्यावरील खटला अद्याप न्यायालयांत चालू आहे, त्याची स्थिति मात्र निराळी. त्यास पासपोर्ट नाकारतां येतो. परंतु २५ ऑगस्ट १९९३ च्या सरकारी अधिसूचनेनें त्यालाही वाट ठेवली आहे. खटला जेथें चालू असेल त्या न्यायालयाची परदेशगमनाची परवानगी आणावी. न्यायालय सांगेल तेवढ्या मुदतीचा, आणि मुदत सांगितली नसेल तर एक वर्षाचा पासपोर्ट मिळतो. म्हणजे जुन्या शिक्षेपेक्षां न संपलेला खटलाच अधिक अडवितो. एखाद्या जुन्या मोर्च्याच्या खटल्याची तारीख वर्षानुवर्षें पडत राहिली असेल, आणि आपण तो निकालांत निघाला असें समजून बसलों असूं, तर प्रवासाचा बेत करण्यापूर्वीं न्यायालयांत जाऊन खात्री करून घ्यावी हें बरें.

येथें एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. पासपोर्टच्या अर्जांतील प्रश्न ह्या कायद्याच्या शब्दांना धरून असतो: पांच वर्षें, दोन वर्षांची कैद, चालू खटला. त्याला आमच्या दंड भरलेल्या गृहस्थानें ‘नाहीं’ असें लिहिलें, तर तें पूर्णपणें खरें आहे. मात्र तोच मनुष्य व्हिसाच्या अर्जालाही पासपोर्टचेंच उत्तर उतरवून काढील, तर तें खोटें होईल. कारण तेथें प्रश्न निराळा असतो. चाळीस वर्षें वर्गांत मीं मुलांना सांगितलें कीं, उत्तर लिहिण्यापूर्वीं प्रश्न दोनदां वाचा. पांढरे केस झालेल्या विद्यार्थ्यांनाही हाच उपदेश करावा लागतो.

आतां अमेरिकेचें पाहूं, कारण आपल्याकडील बहुतेक आजी-आजोबांची वाट तिकडेच जाते. तेथील अर्ज केवळ शिक्षेविषयीं विचारीत नाहीं; अटकेविषयींही विचारतो; आणि मागाहून माफी मिळाली असली तरी सांगा, असें म्हणतो. म्हणून ज्याची निर्दोष सुटका झाली, त्यालाही ‘होय’ असेंच लिहून पुढें सुटकेची हकीकत द्यावी लागते. हें वाचून पुष्कळांची छाती दडपते. परंतु ‘होय’ म्हणजे नकार नव्हे. ‘होय’ म्हटल्यावर अमेरिकेचा १९५२ चा कायदा तो अपराध एकामागून एक चाळण्यांतून चाळून पाहतो.

पहिली चाळण नैतिक अधःपतनाची. हे शब्द अमेरिकेच्या प्रवेशविषयक कायद्यांत १८९१ पासून आहेत. त्यांची व्याख्या मात्र कायद्यांत कोठेंच नाहीं. ते फार संदिग्ध आहेत अशी तक्रार तेथील सर्वोच्च न्यायालयापुढें आली असतां १९५१ सालीं ती बहुमतानें फेटाळली गेली. तीन न्यायाधीशांनीं मात्र भिन्न मत नोंदविलें. व्यवहारांत चोरी, फसवणूक, खोटे दस्तऐवज हे अपराध ह्यांत मोडतात. जमावबंदी मोडणें किंवा वाहतुकीचा साधा नियम मोडणें हे सामान्यतः मोडत नाहींत. दुसरी चाळण अपराधाच्या लहानपणाची. असा अपराध आयुष्यांत एकच घडलेला असेल, त्याला कायद्यानें एक वर्षाहून अधिक कैद होऊं शकत नसेल, आणि प्रत्यक्ष झालेली शिक्षा सहा महिन्यांहून अधिक नसेल, तर तो किरकोळ म्हणून सोडून दिला जातो. तिसरी चाळण वयाची. अठरा वर्षें पुरीं होण्यापूर्वीं एकच अपराध घडला असेल आणि त्याला पांच वर्षें लोटलीं असतील, तर तोही अडवीत नाहीं. चौथी गोष्ट अशी कीं, निव्वळ राजकीय स्वरूपाचा अपराध ह्या नियमांतून वगळलेला आहे, आणि ही सवलतही १८९१ पासूनची आहे.

आणीबाणींत ‘मिसा’ कायद्याखालीं स्थानबद्ध असलेल्यांनीं आणखी एक भेद ध्यानांत घ्यावा. ती स्थानबद्धता ही न्यायालयानें दिलेली शिक्षा नव्हती. तिला दोषसिद्धि म्हणतां येत नाहीं. पण प्रश्न अटकेविषयींचा असेल, तर साल, कायद्याचें नांव व सुटकेची तारीख ह्यांसह एका वाक्यांत ती हकीकत लिहावी. त्यांत लाज वाटण्यासारखें कांहींच नाहीं.

राजकीय शिक्षेचा विषय निघाला म्हणून लोकमान्यांचें स्मरण होतें. १८९७ आणि १९०८ अशा दोन शिक्षा त्यांच्या नांवावर होत्या. १९१८ सालीं स्वराज्याच्या मागणीसाठीं विलायतेस निघालेले टिळक कोलंबोपर्यंत पोहोंचले आणि सरकारनें त्यांना तेथून परत फिरविलें. त्याच वर्षीं पुढें चिरोलवरील फिर्यादीसाठीं त्यांना विलायतेस जातां आलें. मनुष्य तोच, शिक्षा त्याच. कांहीं महिन्यांच्या अंतरानें दार एकदां मिटलें आणि एकदां उघडलें. परदेशचें दार केवळ मागची नोंद पाहत नाहीं. आपण कशासाठीं येत आहां हेंही पाहतें, हें त्या काळींही खरें होतें.

आजच्या अमेरिकन कायद्यांत ह्याच विचाराला जागा आहे. चाळण्यांत अडकलेल्या पाहुण्यालाही विशेष सूट मिळूं शकते. ती देतांना काय पाहावें, हें तेथील अपील मंडळानें १९७८ च्या एका निर्णयांत सांगून ठेवलें आहे: ह्या माणसापासून समाजाला धोका किती, मूळ अपराध किती गंभीर, आणि येण्याचें कारण काय. त्या प्रकरणांतील बाई कॅनडाच्या होत्या. नातलगांना भेटावें व थोडें फिरावें एवढाच त्यांचा हेतु होता. कारण फार निकडीचेंच असलें पाहिजे असें नाहीं, असें मंडळानें स्पष्ट म्हटलें. नातवाला मांडीवर घेण्याची इच्छा हें कारण कायद्यालाही क्षुल्लक वाटत नाहीं, हें आजोबांनीं लक्षांत ठेवावें.

मादक पदार्थांच्या बाबतींत मात्र सर्वच देशांची नजर करडी आहे. तेथें अपराध लहान कीं मोठा, जुना कीं नवा, हें फारसें पाहिलें जात नाहीं. जॉन लेनन हा विख्यात इंग्रज गायक ह्याचें उदाहरण आहे. १९६८ सालीं लंडनच्या न्यायालयांत त्यानें गांजाच्या जातीचा पदार्थ जवळ बाळगल्याचें कबूल करून १५० पौंड दंड भरला. एवढ्या दंडाच्या आधारावर अमेरिकेनें १९७२ पासून त्याला देशाबाहेर घालविण्याचा खटाटोप चालविला. त्याच्या युद्धविरोधी मतांचा रागही त्यामागें होता, असें पुष्कळांचें म्हणणें होतें. १९७५ सालीं वरिष्ठ न्यायालयानें त्याच्या बाजूनें निकाल दिला. कारण असें कीं, त्या वेळच्या इंग्लंडच्या कायद्यांत पदार्थ जवळ असल्याचें आरोपीस ठाऊक होतें हें सिद्ध करावें लागत नसे, आणि अशी शिक्षा अमेरिकेच्या नियमांत बसत नाहीं. १९७६ मध्यें त्याला कायमच्या वास्तव्याचा परवाना मिळाला. पैसा, कीर्ति आणि नामांकित वकील हाताशीं असतां ह्या कामाला चार वर्षें लागलीं!

त्याचाच सहकारी पॉल मॅकार्टनी ह्याला १९७५ सालीं जपाननें अशाच जुन्या दंडावरून प्रवेश नाकारला. जपानच्या कायद्याप्रमाणें एक वर्ष किंवा अधिक कैदेची शिक्षा झालेल्यास (राजकीय अपराध वगळून) आणि मादक पदार्थांबद्दल कितीही लहान शिक्षा झालेल्यास प्रवेश मिळत नाहीं. १९८० सालीं परवानगी मिळून तो तेथें गेला, तर सामानांत तोच पदार्थ सांपडला, आणि नऊ दिवस तुरुंगांत काढून त्याला परत जावें लागलें. महाविद्यालयाच्या सहलींत ‘एकदांच गंमत म्हणून’ असें म्हणणाऱ्या आपल्या मुलांपुढें हीं दोन उदाहरणें अवश्य ठेवावीं.

कॅनडाचा कटाक्ष दुसरीकडे आहे. आपल्याकडे दारू पिऊन गाडी चालविणें हा दंड भरून सुटण्याचा प्रकार समजला जातो. कॅनडानें मात्र १८ डिसेंबर २०१८ पासून त्या अपराधाची कमाल शिक्षा पांच वर्षांवरून दहा वर्षांवर नेली. त्यामुळें त्या तारखेनंतरचा असा अपराध तेथें गंभीर वर्गांत पडतो. भारतांत तो कितीही किरकोळ असो, कॅनडा त्याला आपल्या मापानें मोजतो. ज्या एकट्यादुकट्या अपराधाला तेथें दहा वर्षांहून कमी शिक्षा आहे, त्याची शिक्षा भोगून दहा वर्षें झालीं, तर मनुष्य सुधारला असें सामान्यतः मानलें जातें. आणि पांच वर्षांनंतर तसें ठरवून घेण्यासाठीं अर्जही करतां येतो. उलट युरोपांतील शेंगेन देशांचा पर्यटकांसाठींचा अर्ज पाहिला, तर त्यांत जुन्या शिक्षेचा प्रश्नच नाहीं. सार्वजनिक सुरक्षिततेला धोका आहे कीं काय, हें ते आपल्या नोंदींवरून पाहतात. प्रश्न नसेल तेथें आपण होऊन चरित्र सांगत बसण्याचें कारण नाहीं. विचारलेल्याचें खरें उत्तर देणें हा धर्म आहे. न विचारलेलें बडबडणें हा नव्हे.

संस्कृत शिकलेल्या माणसाला येथें एक विरोध जाणवतो. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत असा विचार आहे कीं, ज्याला राजानें दंड केला आणि ज्यानें तो भोगला, तो निर्मळ होऊन पुण्यवानांप्रमाणें स्वर्गास जातो. दंड हेंच प्रायश्चित्त. त्यानंतर बाकी कांहीं उरत नाहीं. इंग्लंडनें हाच विचार १९७४ च्या कायद्यानें निराळ्या रीतीनें अंगीकारला: लहान शिक्षा ठराविक वर्षें लोटल्यावर संपली असें समजावें, आणि बहुतेक व्यवहारांत तिचा उच्चार करण्याचें बंधन नसावें. आपल्याकडे प्रौढांसाठीं असा सर्वसाधारण कायदा नाहीं. तथापि १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखालीं समज देऊन किंवा चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडलेल्यास शिक्षेमुळें येणारी अपात्रता चिकटत नाहीं. आणि बालकांच्या बाबतींत २०१५ च्या कायद्यानें, अतिगंभीर अपराधांचा अपवाद ठेवून, नोंदी नष्ट करण्याची तरतूद केली आहे. परंतु ही सगळी क्षमा त्या त्या देशाच्या सीमेपर्यंतच चालते. इंग्लंडमध्यें संपलेली शिक्षा अमेरिकेच्या अर्जांत संपलेली नसते. स्वर्गाच्या दारावर जो नियम चालतो, तो वकिलातीच्या दारावर चालेलच असें नाहीं!

मग कोणी म्हणतील, ‘एवढ्या जुन्या गोष्टीची नोंद परक्या देशाला मिळणार कोठून?’ हा प्रश्न चतुराईचा असला तरी शहाणपणाचा नाहीं. आपल्या पोलिस ठाण्यांतील नोंदी संगणकाच्या जाळ्यांत आणण्याची योजना २००९ सालीं मंजूर झाली. अमेरिका २००४ पासून परदेशी प्रवाशांच्या बोटांचे ठसे घेऊं लागली. अमेरिका व कॅनडा ह्यांनीं व्हिसाविषयक माहिती एकमेकांस देण्याचा करार २०१२ सालीं केला. तथापि खरें उत्तर ह्याहून निराळें आहे. आपला पासपोर्ट विभाग चारित्र्याचा पोलिसी दाखला देतो तो परदेशांत नोकरी, वास्तव्य किंवा दीर्घ मुदतीचा व्हिसा मागणाऱ्यांसाठीं; केवळ पर्यटनासाठीं जाणाऱ्यास तो मिळत नाहीं. म्हणजे सुटीच्या प्रवाशाजवळ सरकारचा दाखला नसतो. त्याचा स्वतःचा शब्द हाच त्याचा दाखला. तो शब्दच खोटा निघाला, तर समोरच्यानें विश्वास ठेवावा कशावर?

आणि खोट्याची किंमत मूळ दंडाच्या मानानें केवढी मोठी आहे पाहा. पासपोर्टसाठीं जाणून-बुजून खोटी माहिती दिली किंवा महत्त्वाची माहिती दडविली, तर आपल्या कायद्यांत दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पांच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली आहे. व्हिसासाठीं फसवणूक केली असें ठरलें, तर कॅनडा पांच वर्षें दार बंद करतो. इंग्लंड दहा वर्षांपर्यंत. आणि अमेरिका, विशेष सूट न मिळाल्यास, जन्मभर. ज्या पन्नास रुपयांच्या दंडाला अमेरिकेचा कायदा कदाचित् चाळणींतून सहज सोडून देता, तोच दडविण्याच्या प्रयत्नांत मनुष्य नातवंडांच्या घराला कायमचा मुकूं शकतो. मूळ अपराध विसाव्या वर्षींच्या अविचाराचा. हा दुसरा मात्र सत्तराव्या वर्षीं, पूर्ण शुद्धींत केलेला.

माझ्या परिचयांतील एका घरची गोष्ट सांगतों. गृहस्थ सरकारी खात्यांतून निवृत्त झालेले, स्वभावानें मोकळे, घरांत दोन सुना व चार नातवंडें. धाकटा मुलगा अमेरिकेंत. त्यानें सहा वर्षें बोलाविलें, आणि सहा वर्षें ह्यांनीं कांहींतरी निमित्त काढलें: एकदां गुडघे, एकदां चातुर्मास, एकदां विमानाची भीति. घरच्यांना वाटे, बाबांचें धाकट्यावर प्रेमच कमी. धाकट्या सुनेनें तर तें मनाला लावून घेतलें. शेवटीं थोरल्या सुनेनें एका दुपारीं निवांतपणें विचारलें, ‘मामंजी, खरें कारण काय?’ तेव्हां त्यांनीं सांगितलें कीं, कॉलेजांत असतांना पत्त्यांच्या अड्ड्यावर धाड पडली, एक रात्र चौकींत काढावी लागली आणि मॅजिस्ट्रेटनें दंड केला. अर्जांत तें लिहावें लागेल, मुलगा वाचील, जांवई वाचील, ह्या विचारानें त्यांनीं जाण्याचेंच टाळलें होतें. सून क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, ‘एवढ्यासाठीं तुम्ही नातवाची मुंज चुकविलीत?’

पुढें थोरल्या मुलानें न्यायालयांत अर्ज केला. निकालाचे कागद फार जुने म्हणून नष्ट झाल्याचें लेखी उत्तर आलें. तें उत्तर आणि घडलेली हकीकत चार ओळींत, अशी तयारी करून अर्ज भरला. मुलाखतींत अधिकाऱ्यानें त्याविषयीं दोन प्रश्न विचारले, कागद पाहिला, आणि कांहीं दिवसांनीं व्हिसा आला. ह्यांत चमत्कार कांहींच नाहीं. कायद्यानें त्यांना कधींच अडविलें नव्हतें. सहा वर्षें अडविलें होतें तें त्यांच्या संकोचानें.

ह्यावरून जी व्यवहाराची रीति दिसते ती थोडक्यांत अशी. पहिली पायरी वकिलाची नव्हे, घरची आहे. जो मुलगा किंवा सून अर्ज भरणार, त्याला आधीं सर्व सांगावें. अर्ज दुसऱ्यानें भरला तरी उत्तरदायित्व अर्जदाराचेंच असतें. म्हणून मुलांनींही आईवडिलांच्या वतीनें एकाही प्रश्नाचें उत्तर गृहीत धरूं नये. प्रत्येक प्रश्न मराठींत समजावून सांगावा, आणि उत्तर आदरानें, इतरांच्या देखत नव्हे, विचारून घ्यावें.

दुसरी पायरी कागदांची. ज्या न्यायालयांत निकाल लागला तेथून निकालाची सहीशिक्क्याची नक्कल मिळवावी; दंडाची पावती असल्यास जपावी. कागद नष्ट झाले असतील, तर तसें लेखी उत्तर घ्यावें. नेमकें काय घडलें होतें हें आधीं निश्चित करावें: केवळ अटक, चॅप्टर केस, आरोपपत्र, निर्दोष सुटका, दंड कीं कैद. बोलतांना आपण ह्या सर्वांना ‘पोलिस केस’ म्हणून मोकळे होतों. परंतु अर्जांत ह्यांतील प्रत्येकाचा अर्थ निराळा आहे.

तिसरी पायरी वेळेची. तिकीट आधीं काढून मग अर्ज करूं नये. जुनी नोंद सांगणाऱ्याच्या अर्जाची अधिक तपासणी होणें साहजिक आहे. मुंजीला किंवा बाळंतपणाला पोहोंचावयाचें असेल, तर पुष्कळ महिने आधीं सुरुवात करावी. मादक पदार्थ, फसवणूक, चोरी, मारहाण किंवा एकाहून अधिक अपराध असतील, तर त्या देशाच्या प्रवेशविषयक कायद्याच्या जाणकार वकिलाचा सल्ला घेतल्यावांचून पुढें जाऊं नये. आणि ‘एवढें कोण पाहतो, नाहीं म्हणून टाका’ असें सांगणाऱ्या दलालाकडे तर पुनः पाऊलही टाकूं नये. दार बंद झालें, तर तें त्याच्यासाठीं बंद होत नाहीं.

शेवटीं घरांतील लहानथोरांना एक विनंती. वडीलधाऱ्या माणसानें पन्नास वर्षांपूर्वींची एखादी चूक धीर करून सांगितली, तर तिच्यावर थट्टा होऊं नये. जेवतांना, पाहुण्यांपुढें, लग्नकार्यांत तिचा उल्लेख होऊं नये. परक्या देशाचा अधिकारी एकदां विचारतो आणि विसरतो. घरांत मात्र तीच गोष्ट वर्षानुवर्षें टोंचली जाऊं शकते, आणि ह्या भयानेंच पुष्कळ वडील माणसें खरें बोलत नाहींत. ज्या घरांत सत्य सांगणाऱ्याला लाज वाटावी लागत नाहीं, त्या घरांतील माणसाला कोणत्याही देशाच्या उंबरठ्यावर खोटें बोलण्याची गरज पडत नाहीं. दंड एकदां भरला. तो घरानें पुनः वसूल करूं नये.